वहीत न आलेले मृत्यू : भारतातल्या सर्पदंशांची मोजदाद

आमची आत्या भाद्रपदात गेली. मी तेव्हा सातवीत होतो. पडवीत गोधडी अंथरून ती झोपली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही पोरं. मध्यरात्र उलटल्यावर ती पोट धरून उठली. ओवा दिला, पोट शेकलं. पहाटे तिच्या पापण्या जड झाल्या, वर उचलेनात. रात्रभराचं जागरण, झोप येत असेल, असंच सगळ्यांना वाटलं. मग पाण्याचा घोट घशाखाली उतरेना, बोलणं गेंगाणं झालं. उजाडता उजाडता जीप मिळाली आणि तालुक्याचं गाव सात-आठ किलोमीटरवर असताना तिचा श्वास थांबला. अंगावर जखम नाही, रक्त नाही, सूज नाही. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात ‘पोटदुखी’ असं लिहिलं गेलं. चौथ्या दिवशी पडवीतली धान्याची पोती हलवली, तेव्हा भिंतीच्या सांदीत मण्यार निघाली. काळी कुळकुळीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघांच्या जोड्या. वडील बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. रजिस्टरातलं कारण बदलायला मात्र कोणी गेलं नाही.

एका घरातली एक नोंद चुकली तर देशाचं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण अशी ‘पोटदुखी’ वर्षाला हजारो घरांत लिहिली जात असेल, किंवा काहीच लिहिलं जात नसेल, तर काय होतं, याचं भारतातलं सर्पदंशाइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

माणूस मेल्याची नोंद आणि कशाने मेला त्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानुसार २१ दिवसांच्या आत मृत्यू कळवायचा असतो आणि वारसाची कामं अडतात म्हणून लोक आताशा तो कळवतातही. कारणाचं तसं नाही. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टरने ठरावीक नमुन्यात कारण लिहायचं असतं : थेट कारण कोणतं, त्यामागचं कोणतं, मुळातलं कोणतं. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने लिहायचं. उपचार करणाराच कोणी नसेल तर? मग घरचे जे सांगतील ते. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहिलेले मृत्यू साधारण पाचात एक भरतात. गोव्यात मात्र नोंदलेल्या जवळजवळ प्रत्येक मृत्यूला डॉक्टरने लिहिलेलं कारण असतं. म्हणजे हे अशक्य नाही. पण गोवा लहान आहे आणि तिथे दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. बिहार, झारखंड, ओडिशाच्या खेड्यांत माणूस घरीच मरतो, आणि कशाने ते घरापुरतंच राहतं.

सर्पदंशाचे सरकारी आकडे यायचे ते सरकारी दवाखान्यांकडून. २००३ ते २०१५ या तेरा वर्षांत असे मृत्यू भरले सुमारे १५,५००. वर्षाला बाराशेच्या आसपास. सव्वाशे कोटींच्या देशात बाराशे म्हणजे काहीच नाही. त्या आकड्याकडे पाहून कुठल्या अधिकाऱ्याने प्रतिसर्पविषाची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, जास्तीची मागणी नोंदवली असती?

जुने आकडे याहून मोठे होते, ही यातली चटका लावणारी गोष्ट. जोसेफ फेरर या इंग्रज डॉक्टराने १८६९ सालासाठी ब्रिटिश हिंदुस्थानच्या साधारण अर्ध्या भागातून माहिती गोळा केली होती. त्यात सर्पदंशाचे ११,४१६ मृत्यू होते. १९५४ मध्ये स्वरूप आणि ग्रॅब या संशोधकांनी जगाचा अंदाज मांडला, त्यातही भारताचा वाटा मोठा होता. पुढच्या अर्धशतकात लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली आणि दप्तरातला आकडा हजाराच्या घरात आला. साप कमी झाले, दवाखाने वाढले, असं म्हणून आपण सगळेच समाधान मानत होतो.

दारोदार विचारलं तेव्हा

हे चित्र पालटलं ते भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीमुळे. १९६० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिलेली ही यंत्रणा तशी साधी आहे. देशभरातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही गावं आणि शहरांतले काही भाग निवडायचे. तिथे एक स्थानिक माणूस, बहुतेक वेळा शाळेतला गुरुजी, जन्म-मृत्यू होतील तसे टिपत जातो. दर सहा महिन्यांनी बाहेरून पर्यवेक्षक येतो, गुरुजींची वही न बघता स्वतः घरोघर विचारतो आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. एकाच्या यादीत आहे आणि दुसऱ्याच्या नाही असं निघालं, तर पुन्हा त्या घरी जायचं. आपल्याकडचा अर्भकमृत्यू दर १९७१ मध्ये हजारी १२९ होता आणि २०२० मध्ये २८ वर आला, हे आपण छातीठोकपणे सांगतो ते याच वह्यांच्या आधारावर.

या यंत्रणेला मृत्यू कळत होते, कारणं नीट कळत नव्हती. २००१ पासून महानिबंधक कार्यालय आणि टोरंटोचे डॉ. प्रभात झा यांच्या संशोधन केंद्राने मिळून ती उणीव भरायला घेतली. पुढे ‘दशलक्ष मृत्यू अभ्यास’ म्हणून ओळखलं गेलेलं काम ते हेच. पहिल्या टप्प्यात ६,६७१ वस्त्या होत्या आणि त्यांत सुमारे अकरा लाख घरं.

पद्धत अशी. ज्या घरात मृत्यू झाला तिथे पर्यवेक्षक जातो. तो डॉक्टर नसतो. पदवी झालेला आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो. ओसरीवर बसून आधी ठरलेले प्रश्न विचारतो : ताप होता का, किती दिवस, खोकला होता का, कुठे मार लागला होता का, काही चावलं होतं का. त्यानंतरचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अर्जावर अर्धं पान कोरं ठेवलेलं असतं. त्यावर घरच्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच क्रमाने लिहून घ्यायचं. हिंदी, बंगाली, तेलुगू, मराठी, जी भाषा असेल ती. आई सांगते की भात लावून आला, पाय धुतले, जेवला, मग म्हणाला डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतंय. ‘दोन-दोन दिसतंय’ हे शब्द जसेच्या तसे लिहायचे. त्याला वैद्यकीय नाव द्यायचं काम पर्यवेक्षकाचं नाही.

तो कागद मग दोन डॉक्टरांकडे जातो. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, वेगवेगळे बसून वाचतात आणि आपापलं कारण ठरवतात. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर एकमेकांचं मत दाखवून फेरविचार, आणि तरीही तिढा राहिला तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर. याला ‘शाब्दिक शवविच्छेदन’ म्हणतात. मला हे नाव जरा कोरडं वाटतं. घरातल्यांना त्या रात्रीबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच सविस्तर विचारत असतं. आमच्या घरी असं कोणी आलं असतं, तर आत्याच्या पापण्या, गिळता न येणं, गेंगाणा आवाज, न दिसलेली जखम हे सगळं त्या अर्ध्या पानात उतरलं असतं आणि मण्यार सापडली नसती तरी वाचणाऱ्या डॉक्टरला ती दिसली असती.

२००१ ते २००३ या काळातल्या सुमारे १,२३,००० मृत्यूंचे असे कागद वाचले गेले. त्यांत सर्पदंशाचे निघाले ५६२. टक्केवारीत ०.४७. आकडा बारीक दिसतो, पण देशातल्या एकूण मृत्यूंना लावला की वर्षाला ४५,९०० होतात. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दप्तरात बाराशे, घरोघर विचारल्यावर सेहेचाळीस हजार.

त्या ५६२ जणांमध्ये ९७ टक्के खेड्यातले होते. पुरुष ५९ टक्के, बाया ४१ टक्के. सर्वाधिक मृत्यू १५ ते २९ या वयात, म्हणजे ज्यांच्या हातात घरची शेती येते आहे त्या वयात. महिने जून ते सप्टेंबर. आपल्या पंचांगाला हे कधीचं ठाऊक आहे. नागपंचमी श्रावणात येते आणि त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, असं आपण पाळत आलो. बिळांत पाणी शिरतं, बेडूक-उंदरांमागे साप घराजवळ येतात आणि त्याच दिवसांत माणसं चिखलात अनवाणी उभी असतात. मला सगळ्यात जड गेलेला आकडा वेगळाच आहे : ७७ टक्के लोक दवाखान्याबाहेर मेले. दवाखान्यांतून येणारी आकडेवारी त्यांना मोजणार कशी?

पुढे २०२० मध्ये याच अभ्यासाची मोठी फेरी प्रसिद्ध झाली. या वेळी सहा लाखांहून अधिक कागद आणि त्यांत सर्पदंशाचे २,८३३ मृत्यू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसं साप चावून मेली, सरासरी वर्षाला ५८,०००. त्यातली पाव भागाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं. सत्तरी गाठायच्या आत साप चावून मरण्याची शक्यता भारतीय माणसाला अडीचशेत एक, काही भागांत शंभरात एक. सुमारे सत्तर टक्के मृत्यू बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, तेलंगणासह आंध्र, राजस्थान आणि गुजरात या आठ राज्यांत. महाराष्ट्र त्या आठांत नाही, म्हणून आपण निश्चिंत व्हावं असं मात्र मला मुळीच वाटत नाही.

आणखी एक तुलना त्यांनी केली. २००३ ते २०१५ मध्ये सरकारी दवाखान्यांनी १५,५०० मृत्यू दाखवले. त्याच काळात सरकारी-खासगी मिळून दवाखान्यांत झालेले सर्पदंश-मृत्यू अभ्यासाप्रमाणे १,५४,००० होते. घरी मेलेल्यांचं बाजूला ठेवलं, तरी दवाखान्याच्या पलंगावर मेलेल्या दहांतला एकच वहीत चढला. हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

आकडा कितपत धरायचा

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या बोलल्याच पाहिजेत. याच अभ्यासाने २०१० मध्ये मलेरियाचे वर्षाला सुमारे दोन लाख मृत्यू सांगितले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पंधरा हजार होता. त्यावर मोठा वाद झाला आणि आक्षेपात तथ्य होतं. ताप, थंडी, डोकेदुखी, मृत्यू एवढं घरच्यांनी सांगितलं तर तो मलेरिया, विषमज्वर की मेंदूज्वर, हे नुसता कागद वाचून ठरत नाही.

सापाचं तसं नाही. चावलेलं बहुतेकांना दिसतं, गावाला माहीत असतं आणि वर्षभराने विचारलं तरी घरच्यांना घडलेला घटनाक्रम तोंडपाठ असतो. घोणस चावली तर पाय टरारून सुजतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. नाग चावला तर डोळे मिटतात आणि दंशाच्या जागी मांस काळं पडतं. फसवते ती मण्यार. तिचे दात बारीक, दंश डासाएवढासुद्धा दुखत नाही, चावते ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला. सकाळी खूण सापडेलच असं नाही. पोट दुखतं, उलटी होते, म्हणून घरचे आणि कित्येकदा डॉक्टरही पोटाचाच उपचार करतात. त्यामुळे माझं तर मत असं की ५८,००० हा आकडा फुगलेला नाही. मण्यारीचे काही मृत्यू त्यातूनही निसटले असणार.

आकडा आल्यावर काय हललं

भारताचा आकडा इतका वर गेल्यावर जगाचाही हिशेब पुन्हा मांडावा लागला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. जगभरात वर्षाला ८१,००० ते १,३८,००० मृत्यू होतात असं आता ती सांगते. म्हणजे निम्म्याच्या आसपास आपले. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी कर्नाटकाने सर्पदंश ‘अधिसूचित’ केला, म्हणजे प्रत्येक दंश आणि प्रत्येक मृत्यू सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने कळवायचाच. नोव्हेंबरमध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना तसंच करायला सांगितलं.

२०११ ते २०२४, तेरा वर्षं. वर्षाला ५८,००० धरले तर मधल्या काळात साडेसात लाख.

उपचाराची बाजू मात्र आकड्याइतकी अवघड नाही, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकत्र चालतं. त्यासाठी लागणारं विष मुख्यत्वे चेन्नईजवळच्या, साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, ते घोड्यांना अगदी थोड्या मात्रेत टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून घेतात. त्याच्याही त्रुटी आहेत. राजस्थानातल्या फुरशाचं विष दक्षिणेतल्या फुरशापेक्षा वेगळं, त्यामुळे तिथे औषध कमी लागू पडतं. तरी वेळेत दिलं तर जीव वाचतो, यात शंका नाही.

आणि विष रक्तात भिनलंय का, हे कळायला प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठं यंत्र लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळी घ्यायची. त्यात रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त घालायचं आणि हात न लावता वीस मिनिटं ठेवून द्यायचं. मग नळी हळूच तिरकी करायची. रक्त घट्ट गोठून जागेवर राहिलं तर थांबून पुन्हा बघायचं. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष आत गेलंय, प्रतिसर्पविष सुरू करायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत हा निकाल फसवा येतो. मण्यार-नागाच्या बाबतीत ही नळी काही सांगत नाही. तिथे पापण्या बघायच्या, रोग्याला वर बघायला सांगायचं, मान उचलायला सांगायची. श्वास मंदावला तर अंबू पिशवी, म्हणजे तोंडावर धरून हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत दाबत मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचवायचं. रुग्ण निपचित पडला, हलत नाही, बोलत नाही, म्हणजे गेला असं नव्हे. मण्यारीच्या रोग्याला आतून सगळं ऐकू येत असू शकतं. श्वास चालू ठेवला तर तो काही दिवसांनी उठून बसतो.

विंचवाच्या बाबतीत आपल्या कोकणाने हे करून दाखवलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू विलक्षण कमी केले. त्यांनीही सुरुवात केली ती प्रत्येक रोग्याची बारीक नोंद ठेवण्यापासून. दुसरं उदाहरण नेपाळच्या तराईतलं, दमकच्या आसपासचं. तिथे गावातल्या मोटारसायकलवाल्यांची यादी केली. साप चावला की फोन करायचा, रोग्याला मध्ये बसवायचं, मागे त्याला धरून एकाने बसायचं आणि थेट उपचार केंद्र गाठायचं. चावलेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. औषध तेच, डॉक्टर तेच. वाचले ते रस्त्यातले तास. आमची जीप उजाडेपर्यंत मिळाली नव्हती, तेव्हा गावात दोन राजदूत मोटारसायकली उभ्या होत्या. त्या कुणाला सुचल्याच नाहीत, कारण पोटदुखीला मोटारसायकल कोण काढतं?

कारणाचा रकाना घरासाठीही महत्त्वाचा असतो. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तिच्यात सर्पदंश बसतो आणि मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. ‘पोटदुखी’ला काही मिळत नाही. म्हणून साप चावून कोणी गेलं तर, कितीही अवघड वाटलं तरी, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नातेवाइकांना विनामूल्य द्यायचा आहे. तो मागून घ्यावा आणि तिथेच उभं राहून वाचावा. ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिलं असेल, तर ती कशाने बंद पडली ते लिहून मागावं. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात गेलो. प्रतिसर्पविषाच्या कुप्या किती, असं विचारलं. सिस्टरताईंनी फ्रीज उघडून दाखवला : बारा. सुरुवातीलाच आठ ते दहा लागतात, मूल असो वा मोठा माणूस, मात्रा तीच. म्हणजे बारा कुप्यांत एकच रोगी. काचेच्या नळ्या होत्या. अंबू पिशवी होती, लहान मुलाच्या मापाची नव्हती. सर्पदंशाची वेगळी वही आहे का, म्हटल्यावर त्यांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली. तारीख, वेळ, गाव, कोणता साप, नळीचा निकाल, किती कुप्या, पुढे कुठे पाठवलं, शेवटी काय झालं, असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते. जूनपासूनच्या सात नोंदी होत्या. शेवटचा रकाना पाचांचा भरलेला होता. उरलेल्या दोघांना जिल्ह्याला पाठवलं होतं. त्यांचं काय झालं ते अजून कळलं नाही, फोन करून विचारते, असं त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोरच नंबर लावला.